मैदान कोणत्या खासदाराचं?

वैशाली सावंतचा प्रश्न एका ओळीचा होता. "सर, आमचं मैदान कोणत्या खासदाराचं?"

फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात घरी होतो. वैशाली परळची. दिवसा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते आणि संध्याकाळी मुलींना कबड्डी शिकवते. काही वर्षांपूर्वी ती संघ घेऊन कोल्हापूरच्या एका स्पर्धेला आली होती, तेव्हा वर्तमानपत्रासाठी तिच्याशी बोललो होतो. निवडणुकीची पानं मी लावतो, असं त्या वेळी बोलण्यात आलं असावं. ते तिच्या लक्षात राहिलं.

तिची अडचण अशी होती. परळच्या भोईवाड्यापलीकडे आणि नायगावच्या अलीकडे एक गल्ली आहे. गल्लीच्या टोकाला सरकारी जमिनीचा मोकळा तुकडा आहे. तिथे मुली खेळतात. बाजूला टॉवर उभा राहिला आणि गल्ली रुंद करून तुकड्यावर डांबर टाकायचं ठरलं. डांबर पडलं की तिथे गाड्या लागणार. ते थांबवायचा एक मार्ग तिला कोणी तरी सांगितला होता. खासदार निधीतून तिथे दिवे आणि शेड मंजूर झाली, तर तुकड्याची नोंद मैदान म्हणून होईल आणि डांबर टळेल. पण हा निधी खासदाराने साधारणपणे आपल्याच मतदारसंघात खर्च करायचा असतो. मुंबई दक्षिणच्या कार्यालयाने सांगितलं, ही जागा दक्षिण मध्यमध्ये येते. दक्षिण मध्यच्या कार्यालयाने सांगितलं, ही दक्षिणमध्ये येते. डांबराचं काम होळीच्या आसपास सुरू होणार होतं.

नकाशा बघून सांगतो, असं मी तिला म्हणालो. नकाशा बघितला, पण सांगता आलं नाही. म्हणून गेलो.

पुढच्या मजकुरात चाळीचं नाव आणि माणसांची नावं बदललेली आहेत. वर्षही देत नाही. त्या वेळी खासदार कोण होते, हे शोधत बसण्याचं कारण नाही. दोन्ही कार्यालयं आपापल्या समजुतीप्रमाणे बरोबरच बोलत होती.

गिरगाव, सोमवार

उतरलो सुहास कोठारेकडे. कॉलेजातला मित्र, व्यवसायाने आर्किटेक्ट. जातीने पाठारे प्रभू, म्हणजे मुंबईच्या आधीच्या मुंबईत राहणारे. त्याचे आजोबा, पणजोबा याच भागात गेले. घर आता सहाव्या मजल्यावर आहे, जुन्या घराच्याच जागेवर. लिफ्टमधून वर जाताना तो म्हणाला, "इथे आमची विहीर होती. आत्ता आपण तिच्यावरून चाललोय."

जेवायला भानोलं होतं. कोळंबी, कोबी आणि बेसन एकत्र करून खरपूस भाजलेला जाड थर. त्याच्या वड्या कापून देतात. सोबत परभी, म्हणजे प्रभूंच्या घरच्या मसाल्याचं सांबार. दाक्षिणात्य सांबाराशी त्याचं नातं फक्त नावाचं, आणि हे मी दोन घास खाल्ल्यावर विचारल्यामुळे नंदिनीवहिनींनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. आमच्याकडे पाहुण्याला तांबडा-पांढरा देतात आणि तिखट सोसतं का, ते विचारतात. इथे काही विचारत नाहीत, वाढतात.

मी नकाशा काढला. सुहासने तो बाजूला सारून भानोल्याचं ताट पुढे घेतलं.

"हे बघ. गिरगाव सोपं आहे. आम्ही कायम दक्षिण." त्याने ताटाच्या खालच्या कडेची वडी दाखवली. "घोळ इथून वर."

घोळ त्याने असा समजावला. २००८च्या पुनर्रचनेआधी माझगाव, चिंचपोकळी, परळ, शिवडी, वरळी हा पट्टा 'दक्षिण मध्य' मतदारसंघात होता. पुनर्रचनेत हा पट्टा गिरगाव-कुलाब्याच्या 'दक्षिण'ला जोडला. त्यामुळे 'दक्षिण मध्य' मतदारसंघ नाहीसा व्हायला हवा होता. झाला नाही. नाव तसंच ठेवून ते उत्तरेला सरकवलं. आता दादर, नायगाव, माहीम, धारावी, थेट चेंबूरपर्यंतच्या भागाला 'दक्षिण मध्य' म्हणतात.

"म्हणजे नाव तेच आणि जमीन जवळजवळ सगळी वेगळी?" मी विचारलं.

"जवळजवळ. आणि त्याच्याही आधी 'मध्य दक्षिण' होता."

"दक्षिण मध्य."

"नाही. मध्य दक्षिण. पुढे त्याचा दक्षिण मध्य झाला."

"अहो, त्यांना जेवू द्या," नंदिनीवहिनी म्हणाल्या. "आणि ती दक्षिण मध्यची वडी गार व्हायच्या आत कोणी तरी खा."

मी खाल्ली. मग पुनर्रचनेचा आदेश पुन्हा वाचला. घरूनही वाचला होता. त्यात मतदारसंघाची हद्द गल्ल्यांच्या नावाने दिलेली नाही. जनगणनेच्या वॉर्डांचे क्रमांक आहेत. तो क्रमांक जमिनीवर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कळायला दुसरा कागद लागतो. दुसऱ्याला तिसरा. कोल्हापुरात हे काम तालीम करते. या तालमीची पेठ इथे संपली आणि पलीकडे त्यांची, हे कोणीही सांगतं, आणि मिरवणुकीत चुकून ओलांडली तर पुन्हा कधीही विसरत नाही.

माझगाव ते चिंचपोकळी, मंगळवार

भोईवाड्याला थेट न जाता पूर्वेकडून चालत जायचं ठरवलं. लोक स्वतःला कुठले समजतात, ते पाहायचं होतं.

माझगावला गोदीच्या भिंतीलगतच्या रस्त्यावर सकाळी पाळीवर जाणारे लोक होते. एका जुन्या चर्चच्या पायरीशी बसलेल्या आजोबांना मतदारसंघ विचारला. त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं, "साउथ." बरोबर होतं. पुढे म्हणाले, "साउथ सेंट्रल." मी विचारलं, दोन्हीपैकी कोणता? ते म्हणाले, "बाबा, मी दोन्हीत मत दिलंय. घर एकच आहे."

हेही बरोबर होतं.

चिंचपोकळीला स्टेशनच्या बाजूला लेथची छोटी वर्कशॉपं आहेत. एका मालकाने चहा मागवला आणि काम न थांबवता उत्तरं दिली.

"आमचा ना? दक्षिण मध्य."

"गेल्या वेळी मत दिलंत?"

"म्हणजे काय! सकाळी सातला पहिला."

"तेव्हा कुठला मतदारसंघ होता?"

त्याने लेथ थांबवला. "शाळा होती. ती पुलाच्या पलीकडची. नेहमी तिथेच देतो."

दिवसभरात हे उत्तर वेगवेगळ्या शब्दांत मिळत राहिलं. मतदाराला शाळा माहीत असते. कुठल्या शाळेत, कुठल्या खोलीत, बाहेर कोण टेबल टाकून बसतं, हे सगळं पाठ असतं. मतदारसंघाचं नाव विचारलं की तो थोडा गडबडतो आणि लहानपणी ऐकलेलं सांगतो. मी अनेक वर्षं निकालाच्या रात्री या नावांखाली आकडे लावले होते. ती नावं वाचणारे लोक या रस्त्यांवर राहतात, असं मी धरून चाललो होतो.

परळ, त्याच दिवशी संध्याकाळी

वैशाली राहते त्या तांबट चाळीचा आता निम्मा भाग उरलाय. निम्म्या जागेवर टॉवर आहे. टॉवरभोवती निळ्या पत्र्याचं कुंपण. कुंपण आणि समोरच्या बैठ्या घरांच्या मधून चिंचोळी वाट जाते आणि टोकाला एकदम मोकळी होते. तिथे लाल मातीवर पांढऱ्या रेषा होत्या.

वैशाली लॅबमधून थेट आली होती. खांद्यावरची पिशवी तिने कुंपणाच्या खिळ्याला अडकवली, शिट्टी काढली आणि मला म्हणाली, "सर, पाच मिनिटं. यांचं वॉर्मअप घेते, मग घरी जाऊ. आप्पा वाट बघतायत, सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत."

पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. मी कडेला उभा राहून पाहिलं. कोल्हापुरात कबड्डी पाहिलीय, पण इथे जागा इतकी कमी की चढाईला आलेल्या मुलीची पाठ मागच्या घराच्या कट्ट्याला लागते. कट्ट्यावर बसलेल्या बाई भाजी निवडत होत्या आणि पंचाचं कामही करत होत्या.

"गेली गो लॉबीत! आऊट!"

"काकी, हात लागला होता."

"कधी लागला? मी काय मेथी बघत होते?"

"तुम्ही मेथीच बघत होतात," वैशाली म्हणाली. "पॉइंट हिचा."

मी नियम विचारला. मैदानाच्या दोन्ही बाजूंना एक अरुंद पट्टा असतो, त्याला लॉबी म्हणतात. चढाई करणारीचा आणि बचाव करणारीचा स्पर्श होईपर्यंत लॉबी मैदानाबाहेर. तिथे पाय पडला तर बाद. स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की तीच लॉबी मैदानाच्या आत धरतात.

"म्हणजे हद्द खेळताना बदलते," मी म्हणालो.

"हात लागला की बदलते," वैशाली म्हणाली. "नाय लागला तर नाय."

आप्पा सावंत, वैशालीचे वडील. गिरणीत होते, गिरणी बंद झाली, आता चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर असतात. दर हंगामात मैदानाची आखणी तेच करतात. दोरी ताणायची आणि तिच्यावरून फक्की सोडायची. चुन्याची पांढरी भुकटी, तिला इथे फक्की म्हणतात.

मी बसल्याबरोबर ते म्हणाले, "तुमी इतके लांबसून इलात. माका इचारलं असतास तर फोनवर सांगितलं असतंय. आमी दक्षिण मध्य."

"आप्पा, ते आधी होतं," वैशाली म्हणाली. "आता आपण दक्षिण."

"मगे दक्षिणवाले नाय कित्याक म्हणतत?"

वैशालीने माझ्याकडे बोट दाखवलं.

मग मी विचारलं, तुम्ही दोन्ही कार्यालयांत जागा कुठे आहे ते नेमकं काय सांगितलं? दक्षिण मध्यच्या कार्यालयात वैशाली स्वतः गेली होती. टेबलावरच्या माणसाने विचारलं, तुमची बाजू कुठली? तिने सांगितलं होतं, आमची वर्गणी परळच्या मंडळाला जाते. दक्षिणच्या कार्यालयात कट्ट्यावरच्या काकी गेल्या होत्या. त्यांची वर्गणी गल्लीपलीकडच्या नायगावच्या मंडळाला जाते. त्यांनी तसं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही दोघींनी गणपतीची हद्द सांगितली," मी म्हणालो.

"मग दुसरी कुठली सांगणार?" वैशाली म्हणाली. "वर्गणीवाले आपली लाईन सोडून एक घर पुढे जात नाहीत सर. गेले तर भांडणं होतात. आमच्यासाठी तीच खरी हद्द."

टेबलावरची माणसंही याच भागातली. त्यांनी मंडळाचं नाव ऐकलं, मनात रेषा मारली, आणि जागा पलीकडची ठरवली. वर्गणीची रेषा मात्र घरं धरून वळते, भाऊबंदकी धरून वळते, एका चाळीतून दोनदा जाते. त्या रेषेवरून दोघांनाही आपलं मैदान दुसऱ्याचं वाटलं.

जेवायला सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं कालवण, भात आणि सोलकढी होती. आप्पा मधूनच म्हणत, "दक्षिण मध्य," आणि वैशाली म्हणे, "आप्पा, जेवा."

वरळी कोळीवाडा, बुधवार

सुहासला माझ्यासोबत परळला यायला गुरुवारशिवाय सवड नव्हती. मधला दिवस पश्चिमेच्या टोकासाठी वापरला.

वरळी कोळीवाड्यात गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरून कोणी आलं तर एकाने दारात शिरावं लागतं. मी तीन घरांच्या दारात शिरलो आणि एका ठिकाणी चहा मिळाला. गल्लीचं टोक समुद्रावर उघडतं. तिथे बांबूंच्या वळणींवर बोंबील वाळत होते, होड्या ओढून ठेवल्या होत्या आणि पलीकडे सागरी सेतू.

मोकळी सपाट जागा दिसली म्हणून मी बांबूच्या एका चौकटीवर नकाशा पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून वर पाटी ठेवली. पाटी रिकामी नव्हती. तिच्यातलं पाणी माहीमपासून शिवडीपर्यंत ओघळलं.

"अगं बया, कोन हाय तो?" पाटीची मालकीण धावत आली. तिचं नाव जानकीबाई. "माझ्या पाटीखाली काय घातलंस रं?"

"नकाशा."

"मग काढ की. मासली सुकवायची जागा हाय ती, कागद सुकवायची नाय."

नकाशा सुकवावाच लागला. दोन बोंबलांच्या मधे, वळणीवर टांगून. तोवर जानकीबाईंशी बोललो. त्या राहतात इथे, मासळी विकतात दादरला. मी सांगितलं की त्यांचं घर एका मतदारसंघात येतं आणि धंदा दुसऱ्यात.

"ते मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "बाजारात बायकांना संडास नाय, म्हनून बोलाया गेलू. तिथलं म्हनतात, तुमचा वोट वरळीचा. वरळीवाले म्हनतात, संडास दादरचा. आता मी काय करू? घरी यून बसू?"

"मग काय केलंत?"

"आमी बाया धा जनी गेलो. पाट्या घेऊन. दोगांकडं. एकाच दिवशी." त्या हसल्या. "हापिसात पाटी ठेवली का, मानूस लवकर ऐकतो. वास येतो ना."

संडास झाला का, ते विचारलं. म्हणाल्या, मोजमाप घेऊन गेलेत. कोण घेऊन गेलं, ते त्यांना नक्की सांगता येईना.

हद्द समुद्राला कुठे भेटते, हे मला कोणी दाखवू शकलं नाही. नकाशा वाळला, पण त्याचा वास गेला नाही. गिरगावच्या घरी नंदिनीवहिनींनी तो न बोलता गॅलरीत ठेवला.

पुन्हा परळ, गुरुवार

सुहासने त्याच्या ऑफिसातून तीन कागद आणले होते. जनगणनेच्या वॉर्डांचा नकाशा, जुनी भूमापन शीट आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांचा एक जुना आराखडा. टॉवरची कामं करणाऱ्यांकडे हे सगळं असतं, म्हणाला. दुपारी आम्ही ते तिन्ही कट्ट्यावर एकमेकांवर ठेवले. माझा नकाशाही शेजारी ठेवला. काकींनी पदर नाकाला लावला.

"हे काय, बाजार करून आलात?"

सुहासने वॉर्डची कड बोटाने धरली आणि गल्लीत आणली. कड एका ठिकाणी रस्ता सोडून आडवी जात होती. तिथे रस्ता नव्हता, घर नव्हतं, काहीच नव्हतं. जुन्या आराखड्यात त्याच जागेवर एक नाला होता.

"नाला कुठाय इथे?" त्याने विचारलं.

"फरशीखाली," आप्पा दारातून म्हणाले. "पूर्वी उघडो होतो. गिरण होती तेव्हा."

मैदानाच्या कडेला, मातीत अर्ध्या बुडालेल्या दगडी फरशांची एक ओळ होती. मंगळवारी मी तिच्यावरच उभा राहून खेळ पाहिला होता. तीच हद्द. फरशीच्या या बाजूला, परळकडे, मुंबई दक्षिण. त्या बाजूला, नायगावकडे, मुंबई दक्षिण मध्य. सुहासने तीनदा तपासलं. "याहून बारीक मला सांगता येणार नाही," म्हणाला. "पण इतकं नक्की."

मैदान फरशीच्या त्या बाजूला होतं. सगळंच.

"म्हणजे दक्षिण मध्य," मी म्हणालो.

"मी काय सांगत होतंय?" आप्पा म्हणाले.

पण आप्पांचं बरोबर असणं मला पटेना. आप्पा सांगत होते तो दक्षिण मध्य परळचा होता, तो केव्हाच गेला. हा दक्षिण मध्य नायगावचा. नाव एक, पण मतदारसंघ वेगळे. आणि वैशाली या मैदानावर लहानपणापासून खेळली, तेव्हा ते चाळीच्या दारात होतं, असं तीच मला म्हणाली होती. चाळीचं दार तर फरशीच्या या बाजूला आहे. मी आप्पांना विचारलं, तुम्ही दोरी दरवर्षी त्याच जागी ताणता ना?

आप्पांनी टॉवरच्या पत्र्याकडे पाहिलं. "पत्रो आला तेव्हा जरा वर घेतलंय," म्हणाले. "मगे ट्रक लागाक लागले. तेव्हा आणखी जरा."

"किती जरा?"

त्यांनी हात वर केला आणि नायगावच्या दिशेने ढकलल्यासारखा केला.

इथे मी वहीत लिहिलेलं दोनदा खोडलं. आधी मैदान फरशीच्या अलीकडे होतं आणि ती जागा दक्षिण मध्यमध्ये होती. मग मैदान तिथेच राहिलं आणि ती जागा दक्षिणमध्ये गेली. मग मैदान पलीकडे सरकलं, आणि पलीकडची जागा तोपर्यंत दक्षिण मध्य झाली होती. पुनर्रचना आयोगाने हद्द सरकवली आणि आप्पांनी मैदान, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.

"ठीक आहे," मी वैशालीला म्हणालो. "आज जिथे आखलंय, तिथलं उत्तर दक्षिण मध्य. अर्ज तिकडे द्या. नकाशाची प्रत जोडा."

ती फरशांच्या ओळीवरून चालत गेली, वळली, परत आली.

"सर, डांबरवाले कुठून सुरू करणार?"

सुहासने टॉवरकडे बोट दाखवलं. "इकडून. या बाजूने."

"म्हणजे दक्षिणमधून. मग दक्षिण मध्यचा कागद घेऊन मी त्यांना अडवू कशी? ते म्हणणार, आम्ही पलीकडे अजून गेलोच नाय. आणि अलीकडे डांबर पडलं, गाड्या लागल्या, की पलीकडे मुली जाणार कुठून?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. माझं काम रेषा शोधायचं होतं.

"दोघांनी हात लावला पाहिजे," वैशाली म्हणाली. मग कुंपणाशी उभ्या असलेल्या सगळ्यांत मोठ्या मुलीला हाक मारली. "सायली, फक्कीची गोणी आण. आप्पा, दोरी."

"आता? हंगाम अर्धो झालो."

"आता. मध्यरेषा फरशीवर."

मैदान नव्याने आखायला उन्हं उतरेपर्यंत वेळ लागला. जुन्या रेषा मुलींनी पायांनी पुसल्या. आप्पांनी खुर्ची आणून फरशीपाशी ठेवली आणि बसल्या बसल्या दोरीचं एक टोक धरलं. दुसरं सुहासकडे दिलं.

"ताण रे! आर्किटेक्ट असान दोरी ताणता येणा नाय?"

सुहासने ताणली. मध्यरेषा दगडी फरशांवरून गेली. अर्धं मैदान परळकडे आलं, थेट पत्र्यापर्यंत. तिथे एक टेम्पो उभा होता. वैशालीने ड्रायव्हरला बाहेर बोलावलं, चहा पाजला आणि टेम्पो काढायला लावला.

"यात बेकायदेशीर काही नाही ना?" मी सुहासला हळूच विचारलं.

"जमीन सरकारी. मातीवर चुना. पावसात जातो," तो म्हणाला. "तू हे छापणार आहेस का?"

मी सांगितलं, जे झालं ते छापीन.

शुक्रवार

वैशालीने दोन अर्ज केले. दोन्हीला सुहासने काढलेल्या नकाशाची प्रत जोडली, फरशांच्या ओळीवर लाल रेघ मारून. दक्षिणच्या कार्यालयाला तिने लिहिलं, आपल्या हद्दीतल्या अर्ध्या मैदानासाठी शेड. दक्षिण मध्यला लिहिलं, आपल्या हद्दीतल्या अर्ध्या मैदानासाठी दिवे. या वेळी वर्गणीचा विषय कुठेच काढला नाही.

मी तिच्यासोबत गेलो, पण बाहेर बाकावर बसलो. ऐकू येत होतं. दक्षिणच्या टेबलावरचे गृहस्थ बराच वेळ नकाशा पाहत होते.

"मॅडम, अर्धंच आमचं?"

"हो सर. लाल रेघेपर्यंत."

"मग पलीकडचं अर्धं?"

"त्यांना वेगळं दिलंय."

"अर्ध्या मैदानावर शेड कशी टाकणार?"

"ते इंजिनिअर बघतील ना सर. तुम्ही फक्त घ्या."

त्यांनी घेतला. शिक्का मारला. प्रस्ताव विचाराधीन, असं लिहून सही केली. दक्षिण मध्यमध्येही तसंच झालं. तिथे फक्त टेबलावरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही कबड्डी खेळता का? मी शाळेत असताना खेळायचे," आणि मग दोघी चढाईबद्दल इतका वेळ बोलल्या की मागे रांग लागली.

बाहेर आल्यावर वैशालीने मला वडापाव खायला घातला. "सर, आता खरं सांगा," म्हणाली. "दोघांपैकी कोण देईल?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

कोल्हापूर

होळी होऊन गेल्यावर तिचा फोन आला. मागे शिट्टी आणि काकींचा आवाज ऐकू येत होता.

शेड आली नव्हती. दिवेही आले नव्हते. डांबर टाकायला मात्र माणसं आली होती, यंत्रासकट. टॉवरच्या बाजूने सुरुवात करणार तोच वैशालीने दोन्ही कागद दाखवले. जागेवर दोन प्रस्ताव विचाराधीन आहेत. मुकादमाने वरच्याला फोन लावला. वरच्याने सांगितलं, ज्यांचे प्रस्ताव आहेत त्यांच्याकडून ना-हरकत आणा. मुकादम दक्षिणच्या कार्यालयात गेला. ते म्हणाले, आमचं अर्धंच आहे, आधी पलीकडच्यांचं आणा. पलीकडचे म्हणाले, आमच्या बाजूला तुमचं काम अजून आलंच नाही, आम्ही ना-हरकत कशाची देऊ, अलीकडच्यांना विचारा.

"आता ते फिरतायत," वैशाली म्हणाली. "आम्ही फिरायचो तसे. परवा मुकादम माझ्याकडेच आला. विचारतो, मॅडम, हे मैदान नक्की कोणत्या खासदाराचं?"

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, एक सर आहेत कोल्हापूरला. ते लिहितायत. त्यांना विचारून सांगते." मागे कोणी तरी ओरडलं, हात लागला होता, आणि काकींनी नाही म्हणून सांगितलं. "पण सर, तुम्ही घाई नका करू हं. सावकाश लिहा."